पेढीतली सहावी तुळई

पेढीच्या माळ्यावर पुस्तकं ठेवली तर माळा ती पेलेल का, एवढंच सांगायचं काम माझ्याकडे आलं होतं. तेव्हा मी चौतिशीत होते. बडोद्यातल्या एका खासगी इंजिनिअरिंग कचेरीत ड्रॉइंग बोर्डापुढे उभी राहून कोयलीच्या तेल रिफायनरीतल्या टाक्यांचे आणि पंपांचे पाये काढत असे. काँक्रीट किती, सळया किती जाड, किती अंतरावर, हे मला कधीही विचारलं असतं तरी धडाधड सांगता आलं असतं. लाकडाशी मात्र माझा संबंध पोळपाट-लाटण्यापुरता. पण नागरवाड्यात आमच्या आळीत शिकलेली इंजिनिअर बाई मी एकटीच, आणि बोलावणं आलं होतं ते माझ्या शाळेतल्या गणिताच्या सरांकडून. त्यांना ‘नाही’ म्हणायची सवय आमच्या पिढीतल्या कुणालाच नव्हती.

सर निवृत्त होऊन तीन-चार वर्षं झाली होती. एकदा भाजी घेऊन येताना त्यांना पस्तीवाल्याच्या, म्हणजे रद्दीवाल्याच्या, हातगाडीवर कातडी बांधणीचे जुने ग्रंथ दिसले. आमच्याच आळीतल्या एका घरातले. त्या घरातले आजोबा संस्थानाच्या वेळी मोठे अधिकारी होते. नातवंडं पुण्याला आणि अमेरिकेला. सरांनी भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली आणि सगळी हातगाडी घरी वळवली. तिथून हे खूळ सुरू झालं. मराठी घरांतून ट्रंका येऊ लागल्या, मग शेजारच्या गुजराती घरांतूनही. पुस्तकांबरोबर पगड्या आल्या, पितळी मापं आली, दौती, शिक्के, फोटो, एका घरातून तर दरबारात नेसायच्या साड्यांची सागवानी पेटीच आली. सरांच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. त्यांच्या बायकोने एक दिवस स्वैपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलं, “आता एक तर ही पुस्तकं, नाही तर मी.”

तेव्हा कापसाचे एक शेठ पुढे आले. त्यांची दोन पिढ्यांची पेढी आमच्या आळीच्या तोंडाशीच होती. धंदा त्यांनी आवरता घेतला होता, मूलबाळ नव्हतं. सरांना म्हणाले, “पुस्तकालय करो, म्युझियम करो, मारी ना नथी.”

इमारत साधी होती. रस्त्याला ओटला, आत एकच लांबट दिवाणखाना. तिथे पूर्वी गाद्या-तक्क्यांवर बसून सौदे होत. उजव्या हाताच्या भिंतीत एक छातीइतकी उंच लोखंडी तिजोरी चिणलेली होती आणि तिच्यावर देवळी, देवळीत लक्ष्मीची तसबीर. दाराजवळून लाकडी जिना वर जाई. वर तेवढाच मोठा माळा. तिथे कापसाचे नमुने, वह्या, रिकामी पोती असत. माळ्याची सगळी जमीन आठ सागवानी तुळयांवर उभी होती. तुळया आडव्या, एका भिंतीतून दुसऱ्या भिंतीत गेलेल्या.

मी पहिल्याच दिवशी म्हणाले, “सर, पुस्तकं खाली ठेवू या, वस्तू वर. पुस्तकांइतकं वजन दुसऱ्या कशाचं नसतं.”

सर म्हणाले, “विश्वामित्रीचं पाणी या ओटल्यावर चढलेलं मी दोनदा पाहिलंय. पुस्तकं खाली ठेवायची तर त्यांना आधी पोहायला शिकवावं लागेल. पुस्तकं वर. तू फक्त सांग, पेलेल की नाही.”

मी आठवडाभर गणित केलं. तुळयांची रुंदी, खोली, अंतर मोजलं. कपाटं फक्त भिंतींच्या कडेने लावली, मधली जागा मोकळी ठेवली आणि एका वेळी तीसपेक्षा जास्त माणसं वर जाऊ दिली नाहीत, तर माळा पेलत होता. पण ते लाकूड धड असेल तर. तुळई मधे कुजत नाही, भिंतीत गेलेल्या टोकाशी कुजते, एवढं मी पुस्तकात वाचलं होतं. म्हणून प्रत्येक टोकाशी हात जाईल एवढा गिलावा फोडून घेतला आणि शिडीवर चढून लांब स्क्रूड्रायव्हर लाकडात खुपसून पाहिला. आठ तुळयांची सोळा टोकं. पंधरा टोकं दगडासारखी टणक निघाली.

सोळावं टोक सहाव्या तुळईचं. ते नेमकं तिजोरीच्या वर, देवळीच्या मागे होतं. देवळी फोडल्याशिवाय तिथे हात जात नव्हता. शेठ तेव्हा महिनाभर द्वारकेकडे गेले होते. सर म्हणाले, “दुसऱ्याच्या देवाला त्याच्या माघारी हात लावायचा नाही. पंधरा चांगली निघाली ना? मग सोळावं काय वेगळं असणार आहे!”

मला ते पटलं नव्हतं. पण मी मान हलवली. कचेरीतून आणलेल्या कोऱ्या कागदावर मी लिहिलं: ‘आठही तुळयांची दोन्ही टोकं तपासली. लाकूड निकोप आहे.’ खाली सही केली. ‘दोन्ही’ या शब्दापाशी माझं पेन थांबलं होतं, हे मला आजही आठवतं. थांबलं आणि पुढे गेलं.

सरांनी तो कागद फ्रेम करून घेतला आणि दाराशी लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते अभिमानाने दाखवत. “माझी विद्यार्थिनी,” म्हणत.

भीतीची सुरुवात एका मिस्त्रींमुळे झाली. कपाटं करायला आलेले ते म्हातारे सुतार. त्यांची एक सवय होती, ज्या लाकडाजवळून जातील त्याला हातोड्याच्या दांड्याने टिचकी मारायची. एका दुपारी मी खाली उभी होते आणि ते शिडीवरून दिव्याची तार बसवून देत होते. एकेका तुळईवर टक, टक, टक असा आवाज येत होता. सहावीवर आला तो वेगळा. भरल्या माठावर आणि तडकलेल्या माठावर वाजवून पाहावं, तसा फरक.

“बेन, आ बोदुं बोले छे,” ते म्हणाले. हे पोकळ बोलतंय.

“गिलाव्यामुळे असेल,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दाराशी लावलेल्या फ्रेमकडे पाहिलं. ते गुजराती शाळेत चार इयत्ता शिकलेले. “तमे कहो ते,” म्हणाले आणि खाली उतरले. तुम्ही म्हणाल ते. त्यांनी माझ्याशी भांडायला हवं होतं. ते भांडले नाहीत.

त्या दिवसापासून माझं लक्ष कशातच लागेना. कचेरीत टाकीचा पाया काढता काढता मी मान वर करून छताकडे बघत बसे. छत काँक्रीटचं होतं, त्याला काही होणार नव्हतं. वरणाला फोडणी द्यायला विसरायची, दूध उतू जायचं. आणि रोज संध्याकाळी कचेरीतून घरी जाताना पेढीत डोकावायचं. रोज माळ्यावर पुस्तकं वाढलेली असत. लोक कौतुकाने सांगत, आज तीन ट्रंका आल्या, आज पाच आल्या. एकेक पुस्तक मला विटेसारखं दिसे.

शेवटी मी सहाव्या तुळईच्या खाली एक दोरा ताणला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, दोन खिळ्यांना. कुणी विचारलं तर सांगायचं की दिव्यांची पातळी बघतेय. तुळईच्या मध्याशी लाकूड आणि दोरा यांच्यात फट राहिली होती. सरांनी पुस्तकांच्या यादीसाठी जाड कार्डं छापून घेतली होती, ती एकावर एक रचून मी त्या फटीत घालून पाहिली. सात कार्डं बसली. तुळई खाली झुकली तर कार्डं कमी बसणार.

पाच दिवसांनी सहा बसली.

मी स्वतःला समजावलं. नवं वजन आलं की लाकूड थोडं बसतंच. पुस्तकात तसं लिहिलंय. आणखी आठवड्याने पाच बसली, तीही घट्ट. शिडीवरून उतरताना माझा पाय एक पायरी चुकला. मी खाली बसले आणि त्या फ्रेममधली माझी सही दुरूनच बघत राहिले. अक्षर चांगलं होतं.

तुम्ही म्हणाल, मग जाऊन सांगितलं का नाही? मी हे स्वतःला अनेक वर्षं विचारलं आहे. गुढीपाडव्याला उद्घाटन ठरलं होतं. आमंत्रणं छापून घरोघर गेली होती. बाहेरगावचे पाहुणे यायचे होते. आमच्या कचेरीत मी पहिली बाई. माझा एक आकडा चुकला तर चार जण येऊन बघून जात, पुरुषाचा चुकला तर खोडरबर पुढे करत. आणि सरांचा चेहरा. पण हे सगळं नंतर सुचलेलं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती आणि दोन भीतींमधली जवळची भीती मी निवडली. माळा पडेल ही लांबची. सरांना तोंड दाखवायचं ही जवळची.

माझे यजमान प्रतापनगरला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. डबे तपासून सोडणं हे त्यांचं काम. एका सकाळी ते सायकल पुसत होते, तेव्हा मी विचारलं, “अहो, दोन डब्यांची सोळा चाकं तपासायची असली आणि पंधराच तपासली, तर?”

“तर डबा सुटत नाही.”

“आणि सोडला असेल तर?”

त्यांचा फडका थांबला. “तर थांबवायचा,” ते म्हणाले. “पुढच्या स्टेशनावर फोन करायचा. लाज वाटते, पण करायचा.” मग थोड्या वेळाने, “कुठला डबा आहे?”

मी सांगितलं. सगळं. सायकल भिंतीला टेकवून त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “आजच जा.”

तो शनिवार होता. पाडवा सोमवारी. मी कचेरीत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि साडेदहाच्या सुमाराला पेढीकडे निघाले. काय बोलायचं ते वाटेत दोनदा पाठ केलं. ‘सर, उद्घाटन थोडं पुढे ढकलू या.’ नको. ‘सर, माझ्याकडून एक गोष्ट राहिली.’ हे बरं.

पेढीत पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा वरून हसण्याचा आवाज ऐकू आला. पुष्कळ मुलींचा. मग समोर पाहिलं. देवळीतली लक्ष्मीची तसबीर काढून व्यवस्थित एका पाटावर ठेवली होती. भिंतीशी तीन हमाल होते, पहारी तिजोरीच्या डोक्याशी आणि बाजूला घातलेल्या. सर बाजूला उभे, हात पाठीमागे बांधून, मला बघून खूश झालेले.

“ये, ये! तुला आश्चर्यचकित करणार होतो. शेठजींचं पत्र आलं, तिजोरी काढायला त्यांची हरकत नाही. दिवाणखान्याच्या मध्यावर ठेवू. आपल्या संग्रहालयाची पहिली वस्तू!”

तिजोरी भिंतीतून वीतभर बाहेर आली होती.

“वर कोण आहे?” मी विचारलं.

“शाळेच्या मुली. पुस्तकांना चिठ्ठ्या चिकटवतायत. चाळीस जणी पाठवल्यात बाईंनी.”

“कुठे बसल्यायत?”

“मधे. सतरंजी घातलीय.”

तेवढ्यात भिंतीतून आवाज आला. मोठा नव्हता. जुनं दार दाबून बंद करताना येतो तसा, कर्रर्र, आणि मग थांबला. माझ्या मनगटावर काहीतरी पडलं. पाहिलं तर चुन्याची भुकटी. वर बघितलं. सहाव्या तुळईच्या टोकाशी गिलाव्यात एक रेघ होती. ती पूर्वी नव्हती.

मला एका क्षणात सगळं कळलं, आणि असं कळणं कुणाच्याही वाट्याला येऊ नये. तिजोरीच्या वर कमान नव्हती. तिजोरीवर विटा, विटांवर तुळई. आत जे काही कुजलं असेल ते असेल, इतकी वर्षं त्या टोकाला ती तिजोरीच उचलून धरत होती. आणि तीच ते ओढून काढत होते.

“थांबा!” माझा आवाज फाटला. “हलू नका. पहारी काढू नका. आहेत तशा धरा.”

हमालांपैकी जो सर्वांत थोराड होता, त्याच्या हाताच्या शिरा ताठ झाल्या होत्या. त्याने मान न वळवता सांगितलं, “बेन, वजन आवी गयुं छे.” वजन आलं होतं. तिजोरीच्या डोक्यावर घातलेल्या दोन पहारींवर विटा बसल्या होत्या.

“किती वेळ धरता येईल?”

“जल्दी करो,” तो म्हणाला.

दार माझ्यापासून आठ पावलांवर होतं. बाहेर ऊन होतं, रस्त्यावरून कुणी भोपळे विकत चाललं होतं. मी त्या दाराकडे पाहिलं, हे लिहायला हवं. पायांनी तिकडे वळायला सुरुवातसुद्धा केली असेल. मग मी सरांना म्हणाले, “मिस्त्रींना बोलवा. टेकू लागणार. पळा,” आणि जिना चढले. सरांना ‘पळा’ म्हणणारी मी पहिलीच असेन. साठी उलटलेले ते गृहस्थ खरंच पळाले.

वर पोचले आणि पहिल्या तुळईवर थांबले. मुली सतरंजीवर गोल करून बसल्या होत्या, मधे खळीच्या वाट्या, भोवती पुस्तकांचे ढीग. त्यांच्या शिक्षिका खिडकीशी उभ्या. मी ओरडले असते तर चाळीस जणी एकदम उठल्या असत्या, एकदम धावल्या असत्या, अरुंद जिन्यावर एकमेकींवर पडल्या असत्या. आणि उठून धावणारं वजन बसलेल्या वजनापेक्षा किती वाईट असतं, ते मला आकड्यात माहीत होतं.

मी म्हणाले, “मुलींनो, खाली सरबत केलंय. पण वाट्या लहान, ग्लास थोडे. म्हणून चार-चार जणींनी जायचं. उड्या नाही, धावणं नाही. भिंतीला हात लावून चालायचं, हात सुटला तिला सरबत नाही.”

एक-दोघी हसल्या. शिक्षिकेने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्या देवमाणूस. एक प्रश्न विचारला नाही. पलीकडच्या भिंतीशी जाऊन त्यांनी शांतपणे मुलींची नावं पुकारायला सुरुवात केली, चार चार.

पहिल्या चौघी माझ्याजवळून गेल्या. त्यांच्या हाताला खळ लागली होती, भिंतीवर ओले ठसे उमटत होते. दुसऱ्या चौघी. तिसऱ्या. मी मोजत होते. प्रत्येक पावलागणिक पायाखालची फळी किंचित वाजे. वीस गेल्या. अठ्ठावीस. छत्तीस. खालून एकदा हमालाचा कण्हल्यासारखा आवाज आला.

शेवटच्या चौघींतल्या तिघी उठल्या. एक बसूनच राहिली. सगळ्यांत बारकी, मांडीवर पुस्तकांचा ढीग.

“चल, बाळा.”

“काकू, पायाला मुंग्या आल्यात. उठता येत नाही.”

ती बरोबर सहाव्या तुळईवर होती.

शिक्षिका पुढे निघाल्या, त्यांना मी हातानेच थांबवलं. त्या अंगाने भारी होत्या. मी त्या मानाने काडी. भिंतीच्या कडेने मी गेले, दुसरी तुळई, तिसरी, चौथी, पाचवी. पाय उचलून टाकत नव्हते, सरकवत होते. मनात देवाचं नाव नव्हतं, काहीच नव्हतं, फक्त तुळयांचे आकडे. तिथून सतरंजीवर दोन पावलं. मी तिच्या मांडीवरची पुस्तकं एकेक करून बाजूला ठेवली. तिला काखेत धरून उचललं. ती वजनाला कापसाची होती.

“काकू, तुम्ही थरथरताय.”

“थंडी वाजतेय.”

“एवढ्या उन्हाळ्यात?”

भिंतीपर्यंत आलो आणि खाली पुन्हा तोच कर्रर्र आवाज झाला. पायाखालची जमीन सरकली नाही, पण एक बोटभर खाली गेल्यासारखं वाटलं, लिफ्ट थांबताना वाटतं तसं. मुलीने माझा गळा आवळला. ती तेव्हा पहिल्यांदा घाबरली. मी जिना कसा उतरले ते मला आठवत नाही.

खाली मिस्त्री पोचले होते. त्यांनी कपाटांसाठी कापून ठेवलेल्या सागाच्या उभ्या पट्ट्या दोन-दोन एकत्र बांधून तुळईखाली टेकू लावायला घेतले होते, आणि खालून पाचरी ठोकत होते. हमाल घामाने निथळत होते, पण तिघांपैकी एकानेही पहार सोडली नव्हती. मुली रस्त्यापलीकडे उभ्या होत्या आणि सरबत कुठे आहे म्हणून विचारत होत्या. पंधरा-वीस मिनिटांनी मिस्त्री म्हणाले, “हवे छोडो,” आता सोडा, आणि त्या तिघांनी हात सोडले. थोराड हमाल तिथेच जमिनीवर बसला आणि आपल्या तळहातांकडे बघत राहिला. माळा पडला नाही.

मग मिस्त्रींनी देवळी फोडली. टोकाशी त्यांनी बोट लावलं आणि लाकूड चहात भिजलेल्या बिस्किटासारखं निखळून आलं. आत कोपरापर्यंत हात गेला. वाळवीने खाल्लेलं, ओलं, काळं. त्यांनी मूठभर काढून माझ्या हातावर ठेवलं.

सर ओटल्यावर बसले होते. धोतराचा सोगा धुळीत पडलेला. मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

“सर, सोळावं टोक मी पाहिलं नव्हतं. लिहिलं मात्र पाहिलं म्हणून. तीन आठवडे मला संशय होता.”

ते रस्त्यापलीकडच्या मुलींकडे बघत होते. मला वाटलं होतं, ते म्हणतील, मीच तुला पाहू दिलं नाही. तसं ते म्हणाले नाहीत.

“तू लिहिलंस,” ते म्हणाले. “आणि ते वाचून मी त्यांना वर पाठवलं.”

उठून ते आत गेले, दाराजवळची फ्रेम उतरवली आणि मला आणून दिली.

पाडव्याला आम्ही दोघं दाराशी उभे राहिलो आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की उद्घाटन होणार नाही. मीच त्यांना म्हणाले होते की मी उभी राहीन. कुणी विचारलं, का? तर मी सांगत असे, माझी तपासणी अपुरी होती. काही जणांनी पाठीवर हात ठेवला. काहींनी जाताना माझ्या यजमानांना ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं की बायकांनी काढाव्यात रांगोळ्या. त्यांना मी उत्तर देऊ शकले नाही, कारण त्या दिवशी मी खरोखरच चुकलेली होते.

शेठ परत आले. तिजोरीच्या मोकळ्या कोनाड्यात त्यांनी हात घातला आणि भिंत चाचपली. त्यांच्या वडिलांच्या वेळी पन्हाळ या भिंतीला लागून होती, पावसाळ्यात भिंतीतून पाणी झिरपायचं, त्यामुळेच वडिलांनी ती देवळी बांधून ओल झाकली होती. हे त्यांनी सहज सांगितलं.

“शेठजी, हे आधी सांगितलं असतं तर…”

“बेन,” ते म्हणाले, “कोईए मने पूछ्युं ज नहीं.”

कुणी विचारलंच नाही. मी भिंतींना टोचून पाहिलं होतं, ज्या माणसाचा जन्म त्या भिंतींत गेला त्याला एक प्रश्न विचारला नव्हता.

सहाव्या तुळईच्या जागी लोखंडी गर्डर आला. माझ्या यजमानांनी सुट्टीच्या दिवशी येऊन तो स्वतः बघून बसवून घेतला. दसऱ्याला पुस्तकालय उघडलं, खाली वस्तू, वर पुस्तकं. मी रस्त्यापलीकडे उभी राहिले. आतून टाळ्या ऐकू आल्या तेव्हा मी डोळे मिटून घेतले आणि पुढे काय ऐकू येतं त्याची वाट बघत राहिले. काही आलं नाही. लोक पेढे खात बाहेर आले. वर जायला मला त्यानंतर दीड वर्ष लागलं, तेव्हाही मी भिंतीच्या कडेनेच गेले, आणि लोक मधे टेबलाशी बसून निवांत वाचत होते ते बघून मला त्यांची भीती वाटली.

दर उन्हाळ्यात मी ती सगळी टोकं तपासत आले. जे पाहिलं तेवढंच लिहायचं. ‘दिसलं नाही’ हे शब्द लिहिताना पहिल्यांदा फार कमीपणा वाटला, मग वाटेनासा झाला.

सर मला तोवर ‘पोरी’ म्हणत. त्या शनिवारनंतर ‘बाई’ म्हणू लागले, आणि तेही गरजेपुरतं. दोन पावसाळे असे गेले. तिसऱ्या वर्षी एका सकाळी ते आमच्या दारात उभे. हातात छत्री, कॅनव्हासचे बूट ओले.

“आमच्या गच्चीखालची फळी वाजते,” ते म्हणाले. “तू येऊन बघ. वेळ लागू दे. दिसेल तेवढंच सांग.”

मी चपला घातल्या आणि त्यांच्यामागून निघाले. मला तीन तास लागले. सर सगळा वेळ शिडी धरून खाली उभे होते.